नाना उठले की

व्हिडिओ कॉलवर नाना दूध उतरवायला खुर्चीतून उठले, की शलाकाचा नवाकोरा लॅपटॉप काळा पडायचा. एरवी तो दिवसभर मुकाट चालायचा. तिने ड्रायव्हर अपडेट केला, खाली पंखा लावला, पण काही उपयोग झाला नाही. बंगळूरहून रत्नागिरीला वडिलांना लावलेला प्रत्येक कॉल त्या दुधापाशीच तुटायचा.

शेवटी तिने लॅपटॉपच्या दुकानातल्या खोबरेकरांना फोन लावला. "ग्राफिक्स कार्ड बदलून द्या."

"कार्ड ठणठणीत आहे हो," ते म्हणाले. "नेट वाचवायला हल्ली कॉलवर दिसणारा माणूस कार्डच पडद्यावर रंगवतं, जुन्या कॉलमधल्या रूपावरून. तुमचा आधीचा लॅपटॉप चुका खपवून घ्यायचा. हा खऱ्या माणसाशी ताडून बघतो आणि मेळ बसला नाही की मान टाकतो. ते रंगवणं बंद करून बघा. दोन्हीकडचं बंद होईल."

उठण्यात कसला आलाय मेळ? शलाकाला काही कळेना. तिने ते बंद करून पुन्हा कॉल लावला.

चित्र मुंग्यामुंग्यांचं आलं. त्यात एक वाळलेला म्हातारा वॉकर धरून गॅसकडे सरकत होता. सदरा मात्र नानांचा होता.

कित्येक वर्षं ती घरी गेली नव्हती. रोज तर कॉलवर एकमेकांना बघत होते! तिने विचारलं, "हे कधीपासून?"

म्हातारा थबकला. पडद्याजवळ येऊन त्याने तिचे पांढरे केस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं नीट न्याहाळली.

"माफ करा हं," तो अवघडून म्हणाला, "शलाकाला जरा बोलावता का?"