फाडलेला राजीनामा

लोकांच्या कचरापेट्या उपसून कंटाळलेल्या वार्ताहराला एक दिवस राजीनामा सापडला. पूल कोसळल्याची चौकशी करणाऱ्या बाईंचा, आठ तुकड्यांत. त्याने तो चिकटपट्टीने जोडला आणि संपादकांपुढे ठेवला.

"साहेब, बाईंना एकदा विचारून घेऊ का?"

"टाकून दिलेल्या कागदाचं काय विचारायचं? लाव पहिल्या पानावर," डोळे चोळत संपादक म्हणाले.

सकाळी बातमी आली: 'चौकशी अधिकारी राजीनामा देणार'. वरचे लोक जणू वाटच बघत होते. दुपारपर्यंत बाईंच्या जागी त्यांनी आपला माणूस बसवला.

संध्याकाळी वार्ताहराला बाईंचा फोन आला. त्या रागावल्याही नाहीत.

 

"अहो, द्यायचा नाही असं ठरवलं, म्हणूनच तर फाडला होता."