दोन फायली

कंपनीच्या वकीलसाहेबांच्या त्या दिवशी कोर्टात दोन केसेस होत्या आणि दोन्ही फायली त्यांच्या जुन्या कारकुनाच्या काखेत होत्या. सकाळी एक शिक्षिका. तिच्याबद्दल कुणीतरी कंपनीच्या ॲपवर गलिच्छ लिहिलं होतं, ते काढा म्हणून ती वर्षभर विनवत होती. तिच्यासाठी उत्तर तयार होतं, 'आम्ही नुसती भिंत. कोण काय लिहितं, आम्ही बघत नाही.' दुपारी एक गृहस्थ, ज्याचं लिखाण कंपनीनेच काढून टाकलं होतं. त्याला उत्तर, 'भिंत आमची. काय ठेवायचं, काय पुसायचं, आमची मर्जी.'

कारकुनाने चुकून दुपारची फाईल सकाळी दिली. साहेबांनी ती छाती पुढे काढून, टेबलावर हात आपटत वाचली. जिभेला हाड नसतं हे कारकुनाला ठाऊक होतं. डोळेही नसतात हे आज कळलं.

शिक्षिका उठली. "भिंत तुमचीच ना? मग पुसा की माझ्यावरची घाण."

कारकुनाला दरदरून घाम फुटला. साहेबांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. त्यांनी वळूनही न बघता मागे हात केला.

"अहो, ती दुसरी फाईल द्या बघू."