मापातला सूड

"एका थपडीपायी अकरा मुडदे? पटत न्हाय," पिराजी म्हणाला आणि दगडाबाईच्या दुधात त्याने पाणी तपासायची लॅक्टोमीटरची नळी सोडली.

जळकोटच्या जत्रेत तंबूत लागलेल्या सिनेमाची गोष्ट दूध सोसायटीच्या रांगेत सकाळपासून चालली होती. हिरोच्या बापाला कुणीतरी भर बाजारात थप्पड मारतो, आणि हिरो त्याचं अख्खं खानदान संपवतो. दगडाबाईला ते लई आवडलं होतं. पिराजीला हसू येत होतं.

"सूड मापात पायजे," तो म्हणाला. "घेणाऱ्याला झेपावा, अन् ज्याच्यावर घेतला त्याला रोज टोचावा."

हे तो अनुभवानं बोलत होता. पाच वर्षांपूर्वी सोसायटी निघाली, त्या सभेत व्यंकट उठून म्हणाला होता, "पिराजीअण्णाच्या घरचं दूध म्हंजी विहिरीचं दूध." सगळं गाव हसलं. त्यात थोडं खरंही होतं, म्हणून जास्तच झोंबलं. पुढच्या साली पिराजी सोसायटीचा सचिव झाला. तेव्हापासून इतरांच्या दुधाला लॅक्टोमीटर एकदा, व्यंकटच्या दुधाला दोनदा. तेही चारचौघांत, आकडा ओरडून. मधली दोन वर्षं पाऊस पडला नाही. दुधात घालायलासुद्धा पाणी नव्हतं. तरी पिराजीने नेम मोडला नाही. व्यंकटचं दूध एकदाही नापास झालं नाही, याचं त्याला जरा वाईट वाटे. पण गडी रोज मान खाली घालून उभा राहतो, एवढ्यावर तो खूश होता.

रांग सरली. आज व्यंकट सगळ्यात शेवटी आला. एका हातात चरवी, दुसऱ्या हातात पिशवी.

"थोरलीचं जमलं, अण्णा. वाशीचे पाव्हणे हायेत."

"बरं झालं," पिराजीला म्हणावंच लागलं.

"चौकशीसुद्धा केली न्हाय त्यांनी. म्हणले, ज्या घरच्या दुधाला रोज दोनदा नळी लावत्यात, अन् तरी खोट निघत न्हाय, त्या घरची लेक डोळं झाकून करायची." व्यंकटने पिशवीतून अक्षता काढून त्याच्या हातावर ठेवल्या. "गावात पयल्या अक्षता तुमाला."

पिराजी अक्षतांकडे बघत राहिला. चार वर्षं घसा फोडला तो यासाठी? त्याला लाज वाटली आणि हसूही आलं. त्याने लॅक्टोमीटर एकदाच बुडवला, आकडा हळूच सांगितला आणि नळी पुसून पेटीत ठेवायला घेतली.

व्यंकटने चरवी उचलली नाही.

"कशापायी दोनदा लावता, ते मला पयल्या दिवसापासनं ठावं हाय, अण्णा," तो म्हणाला. "पर आता मधीच सोडू नगा. धाकटी अजून उजवायची हाय."