कोपऱ्यातला उजेड

“कोपऱ्यातल्या ताई काळवंडणार,” काळ्या फडक्याखालून डोकं बाहेर काढत फोटोग्राफर म्हणाला.

खोली अरुंद, मधोमध अण्णांचा पलंग, आणि अण्णा काही तिथून उठणारे नव्हते. मधला आणि धाकटा असे दोन मुलगे, सुना, नातवंडं पलंगाला चिकटून उभी होती. थोरली लेक हात पुसत सगळ्यांत शेवटी आली, म्हणून तिच्या वाट्याला औषधांच्या फळीजवळचा कोपरा आला. एवढ्या जागेत एवढी माणसं घ्यायची तर वाइड लेन्स हवी, आणि त्या लेन्सचा उजेड कडेला पोचेपर्यंत दमतो.

“काळवंडू दे की,” धाकटा म्हणाला. “ती अशी कुठे गोरी आहे?”

सगळे हसले. सवयीने थोरलीही हसली, पण आज तिला लागलं. अण्णांबरोबर तिचा एकही फोटो नव्हता. भावांच्या लग्नांतसुद्धा ती आतच राबत होती.

“काही करता येणार नाही का हो?” तिने विचारलं. तिने स्वतःसाठी काही मागावं, याचंच घराला नवल वाटलं.

फोटोग्राफर भला माणूस होता. त्याने पेटीतून एक काच काढली, मधोमध काळसर, कडेला स्वच्छ. “ही लावली की मधला उजेड दबतो आणि कडा त्याच्या बरोबरीला येतात. फक्त लेन्स चौपट वेळ उघडी ठेवावी लागेल. तेवढा वेळ कुणी हलायचं नाही.”

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. त्यांची मान लटलटत होती.

“वन्सं, मान तुम्हीच धरा बाई,” मधल्याची बायको म्हणाली. “आम्ही हात लावला की ते ओरडतात.”

ते खरंच होतं. थोरलीचा हात लागला की मान थांबायची.

“मागून धर,” मधला म्हणाला. “उशीआड बस. हात दिसता कामा नयेत, नाहीतर अण्णा फोटोत अगदीच आजारी दिसतील.”

थोरलीने फोटोग्राफरकडे पाहिलं. तो काच बसवण्यात गुंतला होता. ती पलंगामागे गेली, गुडघे टेकून बसली आणि उशीच्या आडून तिने मान धरली. लेन्स उघडल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता त्या काचेची गरजच उरली नव्हती. पण तेव्हा हलायचं नव्हतं.

फोटो सुरेख आला. कोपरा लख्ख होता, फळीवरच्या बाटल्यांची नावंसुद्धा वाचता येत होती. मधल्याने तो अण्णांसमोर धरला, तेव्हा थोरली त्यांची हनुवटी पुसत होती. अण्णांनी एकेका चेहऱ्यावर बोट टेकवत फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

“आणि ही?” ते म्हणाले. “ही तेव्हा कुठे उलथली होती?”