म्हशीचं फ्रेंच

पासलीच्या वैष्णवीनं धारा काढता काढता फ्रेंच पाठ केलं आणि ती नोकरीला फ्रान्सला गेली. मागं राहिलेली म्हैस मराठीत पान्हाच सोडेना. मग रोज संध्याकाळी वैष्णवीचे वडील भिमातात्या गोठ्यातून तिला फोन लावू लागले.

"बों-झूर. तोडून म्हणा, तात्या. 'बों' नाकातनं."

"बोंऽ... झूर."

"'र' घशातनं. खाकरल्यागत."

तात्यांनी मनापासून खाकरलं.

"आता झ्याक! सोडला का पान्हा?"

"न्हाई गं. लई चिकित्सक हाय. उद्या दुसरा शब्द सांग."

फोन ठेवला तसा शेजारचा धनाजी कुडावरून डोकावला. "तात्या, म्हैस तर तुमी दिवाळीतच इकली की!"

"हळू बोल," तात्या म्हणाले. "पोरीला कळलं तर बोलायचं कशावर?"