चौथीचा निकाल

"बाई, पाया पडते, पण माझ्या अन्विताला नापास करा," वैशालीताई मास्कआडून म्हणाल्या.

कुंभोजकरबाईंसमोर परिपत्रक होतं. साथीत दगावलेल्या मुलांच्या डिजिटल प्रतिकृती ऑनलाइन वर्गात चौथी पास होईपर्यंतच चालू ठेवायच्या, मग पुसायच्या. मेल्यावरही शिक्षणाचा हक्क होता, फक्त चौथीपर्यंत.

"अहो, ती वर्गात पहिली आलीय."

"तेच तर! जिवंत होती तेव्हा सतराचा पाढा कधी आला नाही कार्टीला."

बाईंनी नोकरीत पहिल्यांदाच खोट्या निकालावर सही केली. वैशालीताईंना टॅबमागे उभं करून त्यांनी पडद्यावरच्या अन्विताला निकाल सांगितला.

अन्विताचा चेहरा उतरला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "आईला सांगू नका ना. ती जेवायची नाही."