घंटीचा त्रास

प्रियदर्शिनी मॅडम हसतच वॉर्डात शिरल्या आणि गोजराबाईचा जीव भांड्यात पडला. बोईसरच्या त्या खाजगी दवाखान्यात पेशंटच्या तक्रारी ऐकणं हे मॅडमचं काम. काल गोजराबाईने त्यांना गाठून चांगलंच सुनावलं होतं. नवऱ्याला, हिराजीला, मध्येच दम लागतो. खाटेजवळचं बटण दाबलं की घंटी नुसती कोकलत बसते, कुत्रंसुद्धा फिरकत नाही. सातपाटीच्या मासळीबाजारात कमावलेला गळा तो. अख्ख्या मजल्याने ऐकलं.

"आजी, तुमची तक्रार साहेबांनी मनावर घेतली," मॅडम म्हणाल्या. "घंट्यांचा त्रास सकाळपासून बंद."

खरंच की. सकाळपासून एकही घंटी ऐकू आली नव्हती. आता हाक मारायच्या आधीच माणसं धावतात की काय! एवढ्या शिकल्यासवरलेल्यांत कोणाची जीभ उचलली नाही, आपलीच उचलली, म्हणून गोजराबाईला स्वतःचंच भारी कौतुक वाटलं. मॅडमनी मोबाईल समोर धरला, दोन शब्द बोला म्हणाल्या. तिने पदर सारखा केला.

"बोलल्याशिवाय काय होत नाय. आता बघा, कसं निवांत वाटतं."

मॅडम खूश होऊन गेल्या. गोजराबाई वळली. समोरच्या खाटेवरचा म्हातारा बटण मुठीत धरून तिच्याकडे टक लावून बघत होता. आता काय ते धरून बसायचं, म्हणून तिला हसू आलं. त्याच्या पलीकडच्या बाईनेही बटण धरलं होतं. तीही इकडेच बघत होती.

गोजराबाई चटकन मागे वळली. तिने हिराजीकडे पाहिलं. त्याचे ओठ जांभळे पडले होते. जाळ्यातून काढलेल्या मासळीसारखं तोंड उघडझाप करत होतं. अंगठा बटणावर रुतलेला, नख पांढरंफटक. तिने त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून दाबला. कसलाच आवाज झाला नाही. तिने पुन्हा दाबला.

"सिस्टर! अवं, यांना बघा!"

दाराजवळच्या टेबलावर बसलेल्या सिस्टरने मान वर केली, ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, आजी. आवाजाची तक्रार तुमचीच होती ना?"

हिराजीचा अंगठा बटणावरून घसरला.